व्यक्ती, देह आणि संदेह

जहांगीर कलादालनात व्यक्तिचित्रांचे समूह प्रदर्शन लागले की चित्रांशेजारच्या चिठ्ठ्यांवर चार शब्द आलटून पालटून दिसतात. कुणी ‘पोर्ट्रेट’ लिहितो, कुणी ‘व्यक्तिचित्र’, कुणी ‘फिगरेटिव्ह’, तर पुस्तिकेत प्रस्तावना लिहिणारा ‘मानवाकृतिप्रधान’ असा लांबलचक शब्द वापरतो. बघणारे हे सगळे एकाच अर्थाचे धरून पुढच्या चित्राकडे सरकतात. मला वाटते, इथे थोडे थांबायला हवे. या प्रत्येक शब्दाची चित्रकाराकडे वेगळी मागणी आहे, आणि ती ध्यानात आली की चित्रही वेगळे दिसू लागते.

‘व्यक्तिचित्र’ हा आपल्या इतक्या सरावाचा शब्द आहे की त्यातली ‘व्यक्ती’ म्हणजे माणूस, यापलीकडे आपण जात नाही. पण संस्कृतात ‘व्यक्ति’चा पहिला अर्थ माणूस हा नव्हेच. प्रकट होणे, उघड होणे, स्पष्ट दिसू लागणे हा तिचा मूळ अर्थ. गती, मती, स्मृती यांसारखे ते क्रियेचे नाव आहे आणि अशी नावे स्त्रीलिंगी असतात. म्हणून मराठीत झुपकेदार मिशांचा पैलवानसुद्धा ‘ती व्यक्ती’ होतो. शब्दाचा अर्थ बदलून माणसावर आला, पण लिंग जुनेच राहिले. आजही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने एका प्रकट होण्याबद्दल बोलत असतो.

आणखी खोल गेले की ‘अञ्ज्’ हा धातू लागतो. माखणे, चोपडणे, लेप देणे हा त्याचा अर्थ. डोळ्यांत घालायचे अंजन याच धातूचे, दिवाळीच्या पहाटेचा अभ्यंगही याचाच. माखले की वस्तू उजळते, उजळली की नीट दिसते. अशा वाटेने ‘वि’ उपसर्ग लागलेला ‘अञ्ज्’ माखण्यापासून प्रकट करण्यापर्यंत पोहोचला. ‘व्यक्त’ या शब्दाची फोड वि + अक्त अशी आहे, आणि हा ‘अक्त’ म्हणजे ‘विषाक्त’, ‘तैलाक्त’ यांतला अक्त: माखलेला. ताटातले व्यंजन आणि वर्णमालेतले व्यंजन ही भावंडेही याच घरातली. एक अन्नाची चव उघड करते, दुसरे स्वराच्या आधाराने शब्दाला रूप देते.

म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला रंग कॅनव्हासवर माखून चेहरा वर आणणाऱ्या चित्रकाराचे काम ‘व्यक्ती’ या शब्दाच्या धातूतच नोंदलेले आहे. तैलरंगातले व्यक्तिचित्र या शब्दाला जितके शोभते तितके दुसरे काही शोभत नाही.

‘व्यंगचित्र’ मात्र सख्खे नव्हे. त्यातले व्यंग म्हणजे वि + अंग, अंगातले वैगुण्य. सूचित अर्थासाठी काव्यशास्त्रात जो ‘व्यंग्य’ शब्द येतो तो ‘अञ्ज्’चा. मराठीने व्यंगचित्र लिहिताना अंगाची वाट धरली, आणि नाक लांबवणारा, पोट फुगवणारा व्यंगचित्रकार त्या वाटेने गेलाही. ‘पोर्ट्रेट’ दुरून येऊन आपल्या व्यक्तीच्या शेजारी बसतो. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रोत्राहेरे’ आहे, म्हणजे ओढून पुढे आणणे. इकडे माखून उघड करायचे, तिकडे ओढून पुढे आणायचे. दोन्हीकडे गृहीत एकच, की जे चितारायचे ते आधी आत आहे, सहज दिसत नाही.

पण मराठी माणूस व्यक्तिचित्राला व्यक्तिचित्र म्हणू लागला तो बऱ्याच उशिरा. त्याआधीचा चलनी शब्द ‘तसबीर’. अरबी ‘तस्वीर’ फारसीच्या हाताने आपल्याकडे आला आणि जसा जवाबचा जबाब झाला, नवाबचा नबाब झाला, तशी तस्वीरची तसबीर झाली. मूळ धातूचा अर्थ आकार देणे. ‘सुरत’ त्याच घरातला, आणि म्हणून ‘खुबसुरत’ही. देवाच्या अरबी नावांपैकी एक ‘अल्‌-मुसव्विर’ आहे, आकार देणारा. पुढे फारसीत चित्रकारालाही मुसव्विर म्हणू लागले. इतक्या मोठ्या घरातला हा शब्द मराठीत आल्यावर हळूहळू भिंतीवर चढला, चौकटीत बसला. आज तसबीर म्हटले की काच, खिळा आणि हार डोळ्यांसमोर येतो. रविवर्म्याच्या छापखान्यातून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली तेव्हा ती तसबिरी म्हणूनच टांगली गेली. मूळ शब्द घडवण्याच्या क्रियेचा होता. आपण त्याची वस्तू केली.

मोगल दरबारात व्यक्तिचित्राला खास शब्द होता ‘शबीह’. अरबीत त्याचा अर्थ सारखा असणारा, साम्य. अकबराने स्वतः आपली शबीह काढवून घेतली आणि दरबारातल्या सगळ्या बड्या लोकांच्या काढायला लावल्या, त्यांचा भलामोठा संग्रह झाला, असे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवले आहे. शबीह मराठीत रुजला नाही. मात्र साम्याचा एक खणखणीत शब्द त्याच वाटेने आला आणि कायमचा राहिला: ‘हुबेहूब’. फारसीतला ‘हू-ब-हू’. ‘हू’ म्हणजे अरबीतले ‘तो’. तो म्हणजे तोच! चित्राच्या कौतुकाला मराठी माणसाला सगळ्यात आधी सुचतो तो हा शब्द, आणि त्याची दोन्ही टोके एकाच सर्वनामाची आहेत.

त्याच काळात ‘चेहरा’ हा शब्द सरकारी दप्तरातही होता. मोगल फौजेत घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचा चेहरा लिहून ठेवायचा असा रिवाज होता. चेहरा लिहायचा म्हणजे रंग, बांधा, तीळ, जखमेच्या खुणा यांची नोंद करायची, म्हणजे हजेरीला बदली माणूस उभा करून पगार उचलता येत नसे. ‘चेहरेपट्टी’ हा आपला शब्द त्या पद्धतीची आठवण धरून आहे. ओळख पटावी म्हणून चेहरा, हा व्यक्तिचित्राचा सगळ्यात रोकडा उपयोग. उषेच्या स्वप्नात आलेला तरुण कोण हे शोधायला तिची सखी चित्रलेखा एकेक करून देवांची, गंधर्वांची, यादवांची चित्रे काढते आणि अनिरुद्धाशी येताच उषा ओळखते, ही भागवतातली कथाही त्याच उपयोगाची. सखीचे नावच चित्र-लेखा, कारण चित्र त्या काळी लिहीत असत. ‘लिख्’ म्हणजे ओरखडणे, कोरणे. अक्षर आणि चित्र दोन्ही त्या एका कृतीतून निघाली.

साम्याच्या शब्दांत मला सगळ्यात कडक वाटतो तो ‘प्रतिमा’. यातला ‘मा’ म्हणजे मोजणे. माप, प्रमाण, परिमाण या सगळ्यांतला तोच. प्रतिमा म्हणजे मापाला माप. मूर्तिकाराने तालमानाचे हिशेब केले, बोटाच्या रुंदीवर कपाळ, नाक, हनुवटी बसवली, ती या शब्दाशी इमान राखून. भासाच्या ‘प्रतिमानाटका’त भरत आजोळहून परत येताना अयोध्येबाहेर एका वास्तूत शिरतो. त्याला ते देऊळ वाटते, पण ते असते प्रतिमागृह: दिलीप, रघू, अज आणि शेवटी दशरथ. तिथला पुजारी त्याला सांगतो की इथे जिवंत राजांच्या प्रतिमा बसवत नाहीत. वडील गेल्याचे भरताला असे कळते. एका कलादालनात नाटकाचा एवढा मोठा प्रसंग घडवणारा भास मला फार मोठा वाटतो. पुतळा तिथे बोलत नाही, कुठला भाव दाखवत नाही. तो त्या ओळीत उभा आहे एवढे पुरते.

मापाने साम्य येते, पण व्यक्ती येतेच असे नाही. आपल्याकडे व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक पाहायला लोक गर्दी करतात. समोर मॉडेल बसलेले, चित्रकार उभा, मागे शेदीडशे माणसे. वीस-पंचवीस मिनिटे नुसते पट्टे, डाग आणि छटा दिसतात. मग नाकाच्या बाजूची एक छाया पडते आणि मागून कुजबुज उठते, ‘लाइकनेस आली!’ ‘लाइकनेस’ला मराठी शब्द आहे, ‘सादृश्य’. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत त्यांतले ते एक. पण प्रात्यक्षिकात कुणी सादृश्य म्हणत नाही, आणि तसा हट्ट धरण्यात अर्थ नाही. लक्ष द्यायचे ते ‘आली’ या क्रियापदाकडे. लाइकनेस काढली असे कुणी म्हणत नाही, ती येते. चित्रकाराच्या बोलीत अजूनही त्या जुन्या ‘व्यक्ती’चा अर्थ, प्रकट होणे, टिकून आहे.

बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त यासाठी याहून टोकदार शब्द सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२७ ते ११३८) याच्या नावावरचा हा ग्रंथ. त्यात आरशातल्या प्रतिबिंबासारख्या चित्राला ‘विद्ध’ म्हटले आहे आणि मनात उमटल्यावर काढलेल्या, केवळ आकाराच्या चित्राला ‘अविद्ध’. विद्ध म्हणजे भेदलेले, नेमके लागलेले. ‘व्यध्’ या धातूचे हे रूप, त्याचाच ‘वेध’. मराठीने वेधाचे काय काय केले बघा. लक्ष वेधते, सणाचे वेध लागतात, ग्रहणाचे वेध पाळतात, वेधशाळेत आकाशाचा वेध घेतात, आणि डोळे वेधक असतात. आरशातल्या प्रतिबिंबाला ‘विद्ध’ म्हणणाऱ्या माणसाने नेमबाजाची भाषा वापरली आहे. व्यक्तिचित्रात केसभर चुकले तर समोरच्याचा भाऊ दिसतो, तो स्वतः दिसत नाही; हे ज्याने कधी काढून पाहिले आहे त्याला हा शब्द लगेच पटेल.

आता चित्राच्या अगदी जवळ जाऊ. प्रदर्शनातल्या एखाद्या तैलचित्राच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर उभे राहिले तर तिथे डोळा नसतो. गडद तपकिरी रंगाचा एक डाग असतो, वरच्या पापणीखाली त्याच्या कडा विरलेल्या असतात, आणि त्यावर जाड पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका, कुंचल्याच्या टोकाने ठेवून उचललेला. केसांचे ओरखडेसुद्धा त्यात दिसतात. चार पावले मागे आले की तोच ठिपका डोळ्यातला ओलावा होतो आणि डोळा बघू लागतो. चांगल्या चित्रात त्या ठिपक्याला खिडकीचा आकार असतो, कारण मॉडेल खिडकीसमोर बसलेले असते. डोळ्याच्या मधल्या काळ्या भागाला मराठीत ‘बाहुली’ म्हणतात, हिंदीत ‘पुतली’. संस्कृतात ‘कनीनिका’, म्हणजे लहान मुलगी. लॅटिनमध्ये ‘पुपिल्ला’, म्हणजे लहान मुलगी, बाहुली. ग्रीकमध्ये ‘कोरे’, मुलगी. दूरदूरच्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली: दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावले की तिथे एक चिमुकली आकृती दिसते, आपलीच. प्रत्येक डोळ्यात एक व्यक्तिचित्र आहे आणि ते बघणाऱ्याचे आहे, हे भाषांनी कधीच नोंदवून ठेवले आहे.

‘पुतळी’ची आणखी एक वाट आपल्या दागिन्यांत आहे. व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून इकडे आली. त्यांवर उभी आणि गुडघे टेकलेली माणसे कोरलेली, म्हणून लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटले, आणि त्या ओवून पुतळ्यांची माळ झाली. नाण्यावर कोण आहे याची चौकशी कुणी केली नाही. माणसाची आकृती आहे एवढ्यावर नाव पडले.

‘छबी’ची गोष्ट वेगळी. संस्कृत ‘छवि’चा जुना अर्थ कातडी. त्यातून कातडीचा रंग, कांती, शोभा आणि मग चित्र. म्हणजे छबी म्हटले की आधी त्वचा आली. व्यक्तिचित्रकाराची निम्मी जिंदगी याच त्वचेपायी जाते: गालावरचा उबदार तांबूस, जबड्याखालचा हिरवट थंडावा, कानाच्या पाळीतून येणारा उजेड. देवाच्या पालखीच्या ‘छबिन्या’चा मात्र छबीशी संबंध नाही. तो फारसी ‘शब’, रात्र, यावरून आला. रात्रीचा पहारा, मग रात्रीची मिरवणूक.

‘फिगरेटिव्ह’कडे येतो. याचे मूळ ‘फिगुरा’, आणि ते लॅटिनमधल्या ‘फिंगेरे’ या क्रियापदाचे: माती मळणे, थापणे, आकार देणे. भाषाशास्त्राच्या हिशेबाने याचा संस्कृत भाऊ आहे ‘दिह्’ हा धातू, अर्थ माखणे, लिंपणे. आणि ‘दिह्’पासून झाला ‘देह’. मातीने लिंपून घडवलेला तो देह. ‘फिगर’ आणि ‘देह’ हे एकाच रक्ताचे. कलाविद्यालयातला मुलगा ‘फिगर काढतोय’ म्हणतो तेव्हा तो नकळत ‘देह’च म्हणत असतो.

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट यापुढे आहे. याच ‘दिह्’ला ‘सम्’ लागला की ‘संदेह’ होतो आणि ‘संदिग्ध’ होतो. जास्तच माखले गेले, कडा एकमेकींत मिसळल्या, काय आहे ते कळेना. एका हाताच्या एका क्रियेतून देहही होतो आणि संदेहही होतो. ‘अञ्ज्’च्या वाटेने गेले तर तीच क्रिया व्यक्त करते. रंग तोच, माखणेही तेच. फरक कुठे थांबायचे एवढाच. आणि थोर व्यक्तिचित्रांत दोन्ही असतात. गालाची उजेडातली कड स्पष्ट, आणि अंधारातली कड पार्श्वभूमीत विरघळलेली. ती संदिग्ध कड पुसून सगळे स्पष्ट केले की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. चित्रकार वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या चित्राला. रोज समोर असलेल्या माणसाचे ते चित्र. रोजच्या माणसातही संदेह उरतो आणि चित्रकार तो ठेवतो.

‘फिगरेटिव्ह’ला विरुद्ध शब्द ‘अमूर्त’. ‘मूर्त’चा धातू ‘मूर्च्छ्’, दाटणे, गोठणे, ‘मूर्च्छा’ तिथलीच. चित्रकार गायतोंडे मात्र आपल्या चित्रांना ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ म्हणवून घ्यायला तयार नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना हवा असे. त्यांचा आग्रह मराठीत आणायचा तर ‘अमूर्त’ पुरत नाही, कारण त्यात मूर्त आधी असून मग नाकारलेले आहे असा सूर लागतो. याच्या दुसऱ्या टोकाला, १९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ हे समूह प्रदर्शन झाले: भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन. माणूस आणि त्याची गोष्ट चित्रात परत आणायची, हा त्यांचा पवित्रा होता. पटवर्धन तेव्हा व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात राहणारे. त्यांच्या चित्रांतली कामगार माणसे बघताना ‘मानवाकृती’ हा शब्द मला फार परका वाटतो. तिथे बांधा दिसतो, चण दिसते, अंगकाठी दिसते, खांद्याची ठेवण दिसते. माणसाच्या शरीरासाठी घरात इतके नेमके शब्द असताना आपली कलासमीक्षा ‘आकृतिबंधा’शिवाय बोलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘तोंडवळा आजीचा आहे’ हे वाक्य कुठल्याही खेड्यातली बाई बोलेल, आणि व्यक्तिचित्राबद्दल त्याहून अचूक निरीक्षण पुस्तिकेत क्वचित सापडते.

न्यायदर्शनात शब्दाचा अर्थ कशाला म्हणायचे याची चर्चा आहे. गाय म्हटले की काय कळते? उत्तरात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: व्यक्ती, आकृती आणि जाती. ही विशिष्ट गाय, गाईचा आकार, आणि गाय असणे. प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या या तिघांसमोर धरून वाचाव्यात. ‘म्हातारा’, ‘धनगर’, ‘लमाणी स्त्री’, ‘वारकरी’. चित्रात सुरकुती सुरकुती वेगळी काढलेली असते, ती व्यक्ती असते. चिठ्ठीवर मात्र जात, म्हणजे न्यायाच्या अर्थाची जाती, लिहिलेली असते. माध्यम लिहिलेले असते, लांबी-रुंदी इंचांत लिहिलेली असते, आणि जो तासन्‌तास हलला नाही त्याचे नाव नसते. त्याला आपण मॉडेल म्हणतो. तो शब्दही लॅटिनमधल्या लहान मापाचा, ‘मोदुलुस’चा, पुन्हा मापच. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी रंगवलेली, दिव्याच्या उजेडात उभी असलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक रांगा लावून पाहतात. तिच्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती, हे माहीत असलेला माणूस त्या चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबतो.

जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी आपल्या कुळातल्या माणसांचे पुतळे भिंतीत ओळीने कोरवले होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र. पुतळे आज फुटून गेले आहेत, काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव कोरले होते, त्यांतली बरीच नावे वाचता येतात. एका नावामागे ‘महारठी’ अशी पदवी आहे. मराठा आणि महाराष्ट्र हे शब्द कुठून आले याची चर्चा निघाली की अभ्यासक ज्या थोड्या जुन्या लेखांकडे वळतात, त्यांत या लेण्यातली ही चिठ्ठी असते.